कव्हरवरची

युटिकात फेब्रुवारीच्या शनिवारी दोनच उद्योग:
दारातला बर्फ उपसणे,
नाहीतर सेंट अगाथाच्या तळघरातला जुना बाजार.
बायको म्हणते, पहिला कर.
मी दुसरा करतो.

केळ्यांच्या खोक्यात, कणे वर करून,
खिशात मावतील अशी पुस्तकं.
कडांचा लाल रंग अजून बोटाला लागतो,
उघडलं तर खवट खोबऱ्याचा वास येतो म्हणे.
मी उघडत नाही.
सत्तर वर्षांचा डिंक, पापड झालेला,
उघडलं की मोडलं.
मी घेतो ती चित्रासाठी.
छापील किंमत पंचवीस सेंट, मी देतो चार डॉलर,
वर प्लॅस्टिकची पिशवी, पाठीला आम्लविरहित पुठ्ठा.
नाकापेक्षा मोती जड,
हे ऐकवायला घरी माणूस आहे.

सहाशे बारा झालीत.
सहाशे बारा वेळा कुणीतरी दारात उभं,
टोपीखाली अर्धा चेहरा,
आणि बायका एकतर किंचाळताहेत
किंवा नुकत्याच किंचाळून झाल्यात.
ही चित्रं खरी मानली तर त्या काळच्या अमेरिकेत
छताला एकही दिवा नव्हता.
सगळा उजेड जमिनीतून यायचा.

त्या शनिवारी हाती आलं ते असं:
जिन्याची वरची पायरी, लाल झगा, अनवाणी पाय,
हातात पिस्तूल.
खाली कुणी पालथा पडलेला,
त्याचे नुसते बूट चौकटीत मावलेत.
कोपरा दुमडलाय, पण लाल अजून
नव्या करंड्यातल्या कुंकवाचा.

गल्ल्यावरच्या बाईंनी चष्मा कपाळावर सारला.
फिलोमिना दारिएंझो, वय एक्याण्णव,
तीन वर्षं मला ओळखतात ते पिशव्यावाला म्हणून.
"ही मी," म्हणाल्या.

मी हसलो. त्या नाही हसल्या.
"त्रेपन्न साल. न्यूयॉर्कला मावशीकडे, टायपिंग शिकायला.
वरच्या मजल्यावर चित्रकार, तासाला तीन डॉलर.
झगा कसला, पडदा होता, मागून चिमटे लावलेला.
हातात स्टेपलर.
आणि तो मेलेला म्हणजे रिकामे बूट,
आत वर्तमानपत्र कोंबलेलं."

मग टेबलाआडून त्यांनी हिमबूट काढला, मोजा काढला,
पाय खुर्चीवर ठेवला.
दुसरं बोट अंगठ्याहून चांगलं पेरभर लांब.
चित्रातही तेच.
(आमच्याकडे म्हणतात, अशी बाई नवऱ्याला धाकात ठेवते.
हे मी त्यांना सांगितलं नाही.)

"बापाच्या भीतीनं कधी घरात आणता आलं नाही," म्हणाल्या.
"तुम्ही वाचता ना?
मग सांगा, मारलं का मी त्याला?"

बघून सांगतो, असं माझ्या तोंडून निघून गेलं.

रात्री ओट्याशी उभं राहून पिशवी फाडली.
पहिल्याच पानाला कणा
अडकित्त्यात सुपारी वाजावी तसा वाजला.
मग पानं एकेक करून हातात येत गेली,
वाचलेलं पान डावीकडे, उरलेली उजवीकडे,
तीन वाजले.
गोदीतला संप. चोरलेला ट्रक. दोन भाऊ,
पुष्कळशी बीअर.
जिना नाही. लाल काही नाही.
बाई एकच, दोन पानांपुरती,
दाढ दुखते म्हणून घरी निघून जाते.

पुढच्या शनिवारी गाडीत दोन-तीन खोट्या गोष्टी जुळवल्या,
चांगल्या जमल्याही होत्या.
पण त्या सुटे पैसे मोजत बसलेल्या,
आणि मी खरं तेच सांगितलं.

"म्हणजे मी नव्हतेच त्यात?"
"नाही."
"आणि तो?"
"तोही नव्हता."
"मग सुटलो की दोघंही," म्हणाल्या,
आणि आकडा चुकल्यामुळे
नाणी पुन्हा पहिल्यापासून मोजू लागल्या.

त्या पुस्तकाची आता कवडीही येणार नाही.
रबरबँड लावून फ्रिजवर ठेवलंय.
बाजाराला जातो अजून, खोकी चाळतो,
फक्त हल्ली कव्हर हातात आलं
की आधी बूट बघतो,
आत पाय आहे का.